रिकामी कावड

पहाटे सव्वापाचला ज्यालिंग नदीवर धुकं इतकं दाट
की पलीकडचा पूल फक्त आवाजापुरता असतो.
आम्ही अकराजण पिंपरणीखाली उभे,
गुडघे सैल, जीभ टाळूला,
हात पोटापुढे, जणू टोपलीएवढं काही धरलंय
आणि त्यात काहीच नाही.

मौ क्वांगताय बारावा.
दिवसभर भिंतीकडे बघत बसतो
म्हणून सुनेनं पाठवलेला.
सदतीस वर्षं कावडीवर ओझी वाहिली त्यानं,
चाओथ्येनमनच्या धक्क्यापासून वरच्या बाजारापर्यंत.
पायऱ्या किती, विचारलं तर म्हणतो,
मोजणाऱ्याला जास्त लागतात.
उजवा खांदा डाव्याहून दोन बोटं खाली,
मानेच्या मुळाशी घट्टा,
सुकल्या लिंबाएवढा.

मी म्हणाले, खांदे सोडा.
तो म्हणाला, कुठे?

बायका हसल्या. मला राग आला, खरं तर.
सूतगिरणीत मुकादम होते मी,
वाकडा धागा दिसला की हात आपोआप पुढे जायचा.
तसाच गेला. त्याचा खांदा उचलला, सरळ केला,
आणि सोडल्याबरोबर तो जागेवर गेला,
फडताळाच्या बिघडलेल्या दारासारखा.

छिंगछंगच्या डोंगरावर तीन हिवाळे
माझ्या गुरूंनी मला नुसतं उभं केलं होतं.
ची कुठे असते, विचारलं
तर चहा ओतून किटली माझ्या हातात देत :
बघ, ओतून झाल्यावर किती गप्प आहे.
मी बघायचे. मला बुडाला राहिलेला चोथा दिसायचा.
इथे येऊन मी तेच वाक्य एकोणीस वर्षं सांगत आले,
चोथा वगळून.

मौला वाक्य नको होतं.
त्याचं अंग ओझं शोधत होतं,
मेलेल्या कुत्र्याला
दारातून सवयीनं हाक मारावी तसं.
डावा पाय रिकामा करा म्हटलं की तो तोल जाऊन
पिंपरणीला धरायचा. दोन महिने.
झाडाची तिथली साल गुळगुळीत झाली.

मग एका सकाळी तो आपली कावड घेऊन आला.
घामानं काळा पडलेला बांबू,
दोन्ही टोकांना नदीच्या पाण्याच्या बादल्या.
कुणाशी न बोलता माझ्यापुढे ठेवली.
उचला.

मी त्रेसष्ट वर्षांची. उचलली.
चार पावलांत दोन्ही बूट भिजले.
बांबू वर-खाली नाचत होता
आणि मी त्याला दाबून ठेवत होते
जशी आयुष्यभर काय काय दाबत आले.

भांडू नका त्याच्याशी, तो म्हणाला.
खाली जातो तेव्हा थांबा.
वर उसळतो तेव्हा पाऊल.
त्या अर्ध्या क्षणी
ओझं कुणाचंच नसतं.

पाचवं पाऊल. सहावं.
सातव्याला कुणीतरी
माझ्या बरगड्यांच्या आतून खिडकी उघडल्यासारखं झालं,
श्वास खाली, पार टाचेपर्यंत,
आणि पाणी बादलीतच राहिलं.
आठव्याला मी त्याचा विचार केला
आणि पुन्हा सांडलं.

कावड खाली ठेवून आम्ही उभे राहिलो.
या वेळी मी काही बोलले नाही.
त्याचे हात वर गेले तेव्हा गुडघ्यांत
हलकीशी लवलव होती,
त्या बांबूचीच, बांबूशिवाय.
पाय रिकामा झाला, भरला.
झाडाकडे हात गेला नाही.

खांदा अजून दोन बोटं खालीच आहे.
नवीन कुणी आलं आणि सरळ करायला धावलं
तर मी मनगट धरते.

घरी संध्याकाळी किटली ओतते,
चोथा कुंडीत टाकते.
गुडघा दुखतो. कधी त्या अर्ध्या क्षणात मी जिना चढते,
कधी कठडा धरून, शिव्या देत.

आता आम्ही बाराजण.
धुक्यातून बोटीचा भोंगा येतो,
कुणीतरी आधी पाय उचलतं, मग सगळे.
कोण, ते मला कळत नाही.
हल्ली मी मागच्या रांगेत उभी असते.